५ महिने, १८ तास, ३ पानं

व्याधाचा तारा कर्जतच्या आकाशात जास्तीत जास्त ५४ अंशांपर्यंत चढतो. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँकेतून पाहिला, तर तो २० अंशांच्या वर जातच नाही. हिशेब शाळेतला आहे. कर्जतचा अक्षांश १८.९, जॉड्रेल बँकेचा ५३.२ आणि व्याध खगोलीय विषुववृत्ताच्या १६.७ अंश दक्षिणेला. अक्षांशात १६.७ मिळवायचे आणि बेरीज ९० मधून वजा करायची. फेब्रुवारीच्या रात्री कर्जतला खोपोलीच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की व्याध डोळ्यांत भरतो. जॉड्रेल बँकेत तो झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो आणि क्षितिजालगतच्या गढूळ हवेत थरथरत राहतो.

१९५५ च्या नोव्हेंबरपासून १९५६ च्या मार्चपर्यंत रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस हे दोघे या सरपटणाऱ्या व्याधावर दोन आरसे रोखून बसले होते. आरसे लष्कराने मोडीत काढलेल्या सर्चलाइटचे होते, प्रत्येकी १.५६ मीटर व्यासाचे. पाच महिन्यांच्या खटपटीतून पदरात पडलेला निरीक्षणाचा वेळ १८ तास. त्यातून निघालेला आकडा ०.००६८ विकला, हा व्याधाच्या बिंबाचा कोनीय व्यास. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला होते. हे बिंब किती लहान? चेन्नईत ठेवलेलं दहा रुपयांचं नाणं कर्जतहून जेवढं दिसेल, साधारण तेवढं. नोव्हेंबर १९५६ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात हे काम छापून आलं, ते ३ पानांत.

आता हेच काम आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या अर्जात भरून पाहा. 'एकूण शोधनिबंध' या रकान्यात येईल : १.

पुंजप्रकाशशास्त्र, म्हणजे प्रकाशाच्या सुट्या कणांचं शास्त्र, आणि खगोलीय उपकरणांची बांधणी ही दोन्ही क्षेत्रं जिथे एकमेकांना भेटतात, तिथे काम करणाऱ्या माणसाची पेपरांची यादी वाचायची कशी, हा या लेखाचा विषय. माझं म्हणणं एवढंच, की पेपर मोजण्याआधी दोन पेपरांच्या मधली वर्षं मोजावीत. खरं काम तिथे झालेलं असतं आणि नेमकी तीच वर्षं अर्जात रिकामी दिसतात.

आधी मोजणीचा नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेतल्या एका पेपरला मूळ ८ गुण आहेत. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण मिळतात, ते सध्या बाजूला ठेवू. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ५.६. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे २.४. एकट्याने लिहिलेल्या पेपरमधून ८ गुण निघतात, दोघांच्या पेपरमधून ११.२. आता १,००० लेखकांचा पेपर घ्या. ५.६ अधिक ९९९ गुणिले २.४. बेरीज २,४०३.२. एकाच पेपरमधून, एकट्याच्या पेपरच्या तिनशेपट गुण! आयोगाने नियम केला तेव्हा तीन-चार लेखकांचे पेपर त्याच्या डोळ्यांपुढे असणार. पण गुरुत्वलहरींच्या पहिल्या नोंदीचा फेब्रुवारी २०१६ मधला पेपर हजारावर लेखकांचा आहे, आणि २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर आलेला पेपर ५,१५४ लेखकांचा. या दुसऱ्या पेपरची पानं ३३. त्यांतल्या ९ पानांत विज्ञान आणि संदर्भ, उरलेल्या २४ पानांत नावं आणि संस्था.

गंमत पुढे आहे. गुरुत्वलहरींच्या पेपरमध्ये नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. पहिलं नाव अर्थातच अॅबट. नियम अक्षरशः लावला तर ७० टक्क्यांचा मान आडनावाच्या पहिल्या अक्षराला जातो. याच यादीत 'डी'मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचे संजीव धुरंधर आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

दुसरं माप एच-निर्देशांकाचं. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली ते सुचवलं. तुमच्या २० पेपरांना प्रत्येकी किमान २० वेळा इतरांनी संदर्भ म्हणून घेतलं असेल, तर तुमचा निर्देशांक २०. कल्पना चांगली आहे, नुसत्या संख्येपेक्षा बरीच बरी. पण तीन पेपर लिहून एखाद्याने विज्ञानाची नवी शाखा काढली आणि त्या तिन्ही पेपरांचे संदर्भ हजारांनी घेतले गेले, तरी निर्देशांक ३ वरच थांबतो. चौथा पेपर लिहिल्याशिवाय ४ होण्याची सोय नाही.

व्याधाकडे परत जाऊ, कारण त्या तीन पानांत नेमकं काय होतं हे समजल्याशिवाय यादी वाचता येणार नाही.

कर्जत-खालापूरच्या माणसाला पावसाचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. पत्र्याच्या घरात बसून ऐकला की कळतं, रिपरिप वेगळी आणि सरीवर सर वेगळी. ताऱ्याचा प्रकाश सरींसारखा येतो. त्याचे कण, म्हणजे फोटॉन, घोळक्याने येतात. क्षणभर जास्त, क्षणभर कमी. आता शेजारशेजारी दोन पत्र्याची छपरं आहेत असं समजा. अंतर कमी असेल तर सर दोन्हीकडे एकदमच वाजते. छपरं लांब नेत गेलं की कधी तरी हे साम्य तुटतं. ताऱ्याच्या बाबतीत ते कोणत्या अंतरावर तुटतं, यावरून त्याच्या बिंबाचा व्यास काढता येतो : बिंब जेवढं मोठं, तेवढ्या कमी अंतरावर साम्य संपतं. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी दोन आरशांवर पडणाऱ्या उजेडाचे चढउतार विजेच्या संदेशात बदलले आणि ते संदेश एकमेकांशी ताडून पाहिले.

या युक्तीतली मोठी सोय अशी, की आरसे ओबडधोबड असले तरी चालतात. दोन दुर्बिणींचा प्रकाश प्रत्यक्ष एकत्र आणायचा तर मार्गातला फरक मायक्रॉनच्या अंशाइतका सांभाळावा लागतो. इथे पुढच्या काळातल्या यंत्रात ३० सेंटिमीटरपर्यंतची चूक खपून जात होती. म्हणून सर्चलाइटचे आरसे पुरले. हवेची थरथरही आड आली नाही. किंमत मोजावी लागली ती वेळेत. या सरी इतक्या सूक्ष्म काळापुरत्या असतात, की कोणताही शोधक त्यांना पुरता पकडू शकत नाही. हाती येते ती अगदी पुसट खूण, आणि ती ठळक व्हायला तासन् तास बेरीज करत राहावी लागते.

भौतिकशास्त्रज्ञांना हे पटेना. दोन वेगळ्या फोटॉनांना एकमेकांची खबर लागते कुठून? बुडापेस्टच्या आणि कॅनडाच्या दोन गटांनी प्रयोगशाळेत प्रयोग केले आणि 'असं काही दिसत नाही' असं छापलं. उत्तरादाखल हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी नुसता हिशेब मांडला. त्या उपकरणांनी हा परिणाम दिसायचा, तर एका गटाला १,००० वर्षं प्रयोग चालू ठेवावा लागला असता आणि दुसऱ्याला १०,००० कोटी वर्षं. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, हे ध्यानात घ्या. एवढं सभ्य आणि एवढं जिव्हारी लागणारं उत्तर वैज्ञानिक वाङ्मयात क्वचित सापडेल.

या वादातून पुंजप्रकाशशास्त्राची आधुनिक शाखा उभी राहिली. १९६३ साली रॉय ग्लाउबर आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी स्वतंत्रपणे तिची गणिती चौकट मांडली. सुदर्शन १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये होते. त्यांचा पेपरही एकट्याचा आणि ३ पानांचाच. २००५ च्या नोबेलमधला अर्धा वाटा ग्लाउबर यांना मिळाला, सुदर्शन यांना काहीच नाही. त्यांनी नोबेल समितीला पत्र लिहून नाराजी कळवली. रकाने कोण आणि कसे भरतं, ही तक्रार महाविद्यालयांपुरती नाही.

हॅनबरी ब्राउन यांचा जन्म भारतातला, निलगिरीतल्या अरुवनकाडूचा, १९१६ चा. १९८२ ते १९८५ ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष होते आणि त्या कारकिर्दीची अखेरची महासभा नोव्हेंबर १९८५ मध्ये दिल्लीत भरली. भारतीयांशी त्यांचा संबंध त्याहून जुना. प्रकाशाच्या आधी हीच युक्ती त्यांनी रेडिओलहरींवर वापरली होती आणि तिथे मृणालकुमार दासगुप्ता हे भारतीय संशोधक त्यांच्याबरोबर होते. १९५३ मध्ये रॉजर जेनिसन आणि दासगुप्ता यांनी याच तंत्राने दाखवलं, की हंस तारकासमूहातला प्रखर रेडिओस्रोत एक नसून दोन भागांचा आहे. रेडिओ दीर्घिकांच्या अभ्यासाची ही सुरुवात. लेखक दोनच.

१९५६ नंतर हॅनबरी ब्राउन ऑस्ट्रेलियात नॅराब्रायला गेले. तिथे १८८ मीटर व्यासाचा वर्तुळाकार रेल्वेरूळ टाकला आणि त्यावर साडेसहा मीटरच्या दोन तबकड्या फिरत्या ठेवल्या. प्रत्येक तबकडीत २५२ षटकोनी आरसे. निरीक्षणं १९७२ पर्यंत चालली आणि १९७४ साली तीन लेखकांचा मुख्य पेपर आला : ३२ ताऱ्यांचे कोनीय व्यास. त्यात व्याधही होता. सुधारलेला आकडा ०.००५९ विकला, पहिल्यापेक्षा सुमारे १३ टक्के कमी. व्याधाच्या पहिल्या पेपरपासून मोजली तर १८ वर्षं, ३२ तारे. वर्षाला दोन तारेसुद्धा नाहीत! आजच्या एखाद्या विभागप्रमुखाने ही प्रगती पाहून काय शेरा मारला असता, याची कल्पना करवत नाही. पण तप्त ताऱ्यांच्या तापमानाचं मोजमाप पुढे अनेक वर्षं या ३२ आकड्यांवर उभं राहिलं.

आणखी एक रिकामी जागा याच यादीत आहे, अर्ध्या शतकाची. नॅराब्रायचं यंत्र बंद झाल्यावर हे तंत्र अडगळीत पडलं. गॅमाकिरणांसाठी बांधलेल्या मोठ्या, ओबडधोबड आरशांच्या दुर्बिणी आल्या, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आलं, तेव्हा कुणाला तरी पुन्हा आठवण झाली. २०२० साली अॅरिझोनातल्या व्हेरिटास या १२ मीटरच्या चार दुर्बिणींच्या संचाने दोन ताऱ्यांचे व्यास या रीतीने मोजून छापले. एक व्याधाच्याच तारकासमूहातला. दुसरा आपण ज्याला मृगाच्या पोटात रुतलेला बाण म्हणतो, त्यातला मधला.

सरीचं झालं, आता रिपरिपीकडे वळू. लेझरचे फोटॉन सरीने येत नाहीत, पण पुरते समानही येत नाहीत. पत्र्यावर एकसारखा पाऊस वाजत असला तरी प्रत्येक थेंब आपल्या मर्जीने पडतो, आणि त्यामुळे आवाजात एक बारीक खरखर राहते. गुरुत्वलहर मोजणाऱ्या लायगो यंत्रात हीच खरखर आड येते. लायगोच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या आहेत. कर्जत ते भिवपुरी रोड या दोन स्टेशनांत रेल्वेचे ७ किलोमीटर आहेत; त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त. १४ सप्टेंबर २०१५ ला आलेल्या लहरीने ही लांबी बदलली, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. अशा मापात थेंबांची खरखर चालत नाही.

१९८१ मध्ये कार्ल्टन केव्ह्ज यांनी एकट्याने १६ पानांचा पेपर लिहून उपाय सांगितला : निर्वात पोकळीतही जी पुंजीय थरथर असते, ती एका बाजूने दाबून यंत्रात सोडावी. उशी एकीकडून दाबली की दुसरीकडून फुगते, पण जिथे मोजायचं आहे तिथे ती सपाट असली म्हणजे झालं. असा 'दाबलेला प्रकाश' प्रयोगशाळेत पहिल्यांदा दिसला १९८५ मध्ये. लायगोच्या नेहमीच्या निरीक्षणांत तो आला एप्रिल २०१९ मध्ये. खरखर सुमारे ३ डेसिबेलपर्यंत उतरली आणि घटना सापडण्याचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढण्याइतकी यंत्राची पोच वाढली. १९८१ पासून २०१९ पर्यंत ३८ वर्षं. एवढ्यात एक शिक्षक नोकरीला लागून निवृत्त होतो. मधल्या काळात किती जणांनी भिंगं घासली, काचांवरचे थर बदलले, प्रकाशाचा एक टक्का कुठे वाया जातो हे शोधण्यात महिने घालवले, त्याची यादी कुठल्याही एका माणसाच्या नावावर सापडणार नाही.

आता धुरंधर. १९९१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू डी'मध्ये बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांचा एक पेपर आला. पुण्याचं आयुका तेव्हा तीन वर्षांचं होतं आणि अमेरिकेत लायगोच्या बांधकामाची कुदळ अजून पडायची होती. प्रश्न असा होता : दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत आदळले, तर त्यांची लहर यंत्राच्या गोंगाटातून ओळखायची कशी? कर्जतच्या फलाटावर गाडी थांबते, इंजिनाची घरघर, घोषणा, माणसांचा कल्ला. तरी वडेवाल्याची हाक कानावर पडतेच, कारण ती हाक कशी असते हे कानाला आधीच ठाऊक असतं. गणितातही तसंच. अपेक्षित लहरींचे नमुने आधी तयार ठेवायचे आणि येणाऱ्या गोंगाटाशी एकेक लावून पाहायचे. पण ताऱ्यांची वस्तुमानं आधी माहीत नसतात, तेव्हा नमुने किती ठेवायचे, कोणते ठेवायचे, दोन नमुन्यांत अंतर किती असावं? फार विरळ ठेवले तर लहर निसटते, फार दाट ठेवले तर संगणक पुरत नाही. या निवडीचा पाया त्या पेपरमध्ये घातला गेला. १९९४ मध्ये दोघांनी तो पुढे नेला, मग जगभरच्या इतरांनी.

२०१५ च्या त्या सप्टेंबरात लायगोने या प्रकारच्या शोधासाठी सुमारे २,५०,००० नमुने वापरले होते. १९९१ ते २०१६ : मधली वर्षं २५. आयोगाच्या मूळ गुणांत सांगायचं, तर १९९१ च्या पेपरचे धुरंधरांना ५.६ आणि २०१६ च्या पेपरचे २.४. तिसऱ्या एखाद्याने नुसत्या सदस्यत्वावर हजार लेखकांचे चार पेपर मिळवले की ९.६ झाले, आणि पाया घालणारा मागे पडला. सांघिक पेपरांना मी नावं ठेवत नाही. त्या हजार जणांतला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या तरी स्क्रूसाठी, संगणकाच्या कुठल्या तरी ओळीसाठी तिथे असतो. फक्त यादी वाचणाऱ्याने त्यातली त्याची ओळ कोणती, हे विचारावं. बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

कर्जतहून लोकलने कल्याणला गेलं की ४६ किलोमीटर होतात. १९६५ साली कल्याणला एक रेडिओ दुर्बीण उभी होती, हे रोज त्या गाडीने ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. सहा फुटी ३२ तबकड्या. त्या ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिलला सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरल्या गेल्या होत्या आणि नंतर भारताला भेट मिळाल्या. पन्नाशीच्या दशकात तिथे शिकायला गेलेल्या गोविंद स्वरूप यांनीच त्या मागून घेतल्या होत्या. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये आले, दोन वर्षांत कल्याणच्या दुर्बिणीने सूर्य पाहायला सुरुवात केली.

कल्याणच्या दुर्बिणीवरचे पेपर मोजायला घेतले तर फार वेळ लागणार नाही. पण तिथे सोल्डरिंगपासून शिकलेल्या तरुणांनी १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी केली. त्यांतले विजय कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे प्रमुख झाले. आणि उटीनंतर नारायणगावजवळ खोडदला आली जीएमआरटी : ४५ मीटरच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. या दुर्बिणीचा मूळ पेपर १९९१ मध्ये बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये छापला गेला, परदेशी नियतकालिकात नव्हे. आज जगात कुठेही जीएमआरटीची माहिती वापरणारा संशोधक त्या पेपरचा संदर्भ देतो आणि शेवटच्या परिच्छेदात दुर्बिणीच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानतो. तारांची जाळी ताणणारा, पावसात केबल दुरुस्त करणारा, विजेच्या झटक्यात जळलेला भाग रातोरात बदलणारा, असा प्रत्येक जण त्या एका वाक्यात असतो. त्या वाक्याला गुण नाहीत.

उलट उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर उपकरणं बांधणारे सगळे उपेक्षितच असतात असा समज होईल. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. १९८२ मध्ये, पीएचडीचे विद्यार्थी असतानाच, ते पाच लेखकांच्या त्या पेपरमध्ये होते, ज्याने सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद स्पंदक जाहीर केला. पुढे कॅल्टेकमध्ये त्यांनी पालोमारच्या १९४८ सालच्या ४८ इंची दुर्बिणीला नवं आयुष्य दिलं. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या नावाने २०१८ पासून चालणाऱ्या या प्रकल्पाचा कॅमेरा एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपतो. पौर्णिमेचा चंद्र ०.२ चौरस अंश व्यापतो. म्हणजे एका चित्रात २३५ चंद्र मावतील. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा शोधांबरोबर या प्रकल्पाची कल्पना, उभारणी आणि नेतृत्व यांचाही उल्लेख झाला. पण कुलकर्णींची यादी लांब आहे ती त्यांनी स्वतः बांधलेल्या यंत्राने स्वतः शोधही लावले म्हणून. जो फक्त बांधतो, त्याला हे साधत नाही.

पैशाचे आकडे सध्या या क्षेत्राच्या बाजूने आहेत. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ६,००३.६५ कोटी रुपयांची, आठ वर्षांसाठी. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीकडे आहे. त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा इथल्या लायगो-इंडियाला मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. भारतीय गट २००९ मध्ये एकत्र आला, तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये, पैसा २०२३ मध्ये, पूर्ततेचं लक्ष्य २०३० चं. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत २१ वर्षं, आणि हे सगळं कागदावरच्या वेळापत्रकाप्रमाणे झालं तर.

आमच्या भागात आकाश पाहणाऱ्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. अमावास्येच्या आसपास मुंबईची मंडळी नेरळ-वांगणीकडे चटया आणि दुर्बिणी घेऊन उतरतात. खालापूर टोलनाक्याच्या आणि द्रुतगती मार्गाच्या उजेडाने त्या बाजूचं आकाश आता करडं दिसतं, तरी व्याधाला त्याने फरक पडत नाही. समजा, या गर्दीत खोपोलीची बावीस वर्षांची एक मुलगी आहे. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. ती औंढ्याला लागली. तिथे ४ किलोमीटरच्या दोन भुजांत सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची पोलादी नळी असेल, जोड वेल्डिंगचे, आणि आतली हवा काढून तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या निर्वात पोकळ्यांपैकी एक तयार करायची. एका जोडातून केसाएवढी गळती राहिली तरी सगळं फुकट. पहिली पाच-सहा वर्षं ती हेच करेल. त्या वर्षांत अर्जातल्या रकान्यात तिच्यापुढे शून्य असेल, किंवा फार तर एखाद्या परिषदेतलं भित्तिपत्रक. मग यंत्र चालू झाल्यावर एके दिवशी तिचं नाव हजार-दीड हजार नावांत, आडनावाच्या अक्षराप्रमाणे, कुठे तरी मधल्या ओळीत येईल आणि तिला २.४ गुण मिळतील.

पुढे ती कुठे मुलाखतीला गेली आणि मी त्या मंडळात असलो, तर तिच्या पेपरांची यादी उलटी ठेवून तिला विचारीन : नळी कुठे गळत होती, आणि ते सापडायला किती दिवस लागले?